टिनावरची फौज आणि सोळा भाज्या

धडाम्! धडाम्! धडाम्! मागच्या टिनावर असा आवाज झाला की हातातला चहा जिथल्या तिथं ठेवायचा, दारामागची काठी उचलायची आणि "आले, आले, आले!" ओरडत परसात धावायचं. मागच्या पावसाळ्यात सौंसरच्या आमच्या घरात हा रोजचा व्यायाम होता. सवय अशी लागली की अजूनही शाळेच्या छतावर कावळा बसला तरी मी फळा सोडून गर्रकन वळते, आणि पोरं फिदीफिदी हसतात. हसा म्हणावं! तुमच्या भेंडीवर बसले असते तर कळलं असतं.

वानरं हो, दुसरं कोण! काळ्या तोंडाची, अंगापेक्षा शेपूट लांब. त्यांचा म्होरक्या हुप्प्या तर असा धिप्पाड, की तो टिनावर उतरला की आमच्या मांडणीतल्या वाट्या वाजायच्या. आता वानरं काही सौंसरला नवी नाहीत. पण मागच्या वर्षीची गोष्ट वेगळी होती. मागच्या वर्षी माझ्या महालक्ष्म्या पणाला लागल्या होत्या.

सांगते. आमच्या सासरच्या महालक्ष्म्या थोरल्या जाऊबाईंकडे, पांढुर्ण्याला. भाद्रपद आला की आम्ही सगळे तिकडे जायचो. मी आयती जाऊन पोळ्या लाटणारी, आयती जेवून येणारी. मोठे दीर वारले, पुतण्या पुण्यात नोकरीला लागला, तरी जाऊबाई एकट्या सगळं करायच्या. मग त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि उन्हाळ्यात आम्ही त्यांना मुखवट्यांच्या पेटीसकट सौंसरला घेऊन आलो. एक दिवस दाणे सोलता सोलता त्या म्हणाल्या, "यंदाच्या महालक्ष्म्या तुझ्या घरी बसव."

माझ्या हातातलं सूप पडायचं राहिलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्या घरी महालक्ष्म्या येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी लगेच "हो हो" म्हणून मोकळी!

"पण आईक," जाऊबाई म्हणाल्या. "नैवेद्याच्या सोळाही भाज्या घरच्या वाडीतल्या पाहिजे. बाजारची एकही नाही. सासूबाईंनं तसंच केलं, मीनं तसंच केलं. तुले जमत असन तं बसव. नाही जमलं तं सांग, मी मुखवटे पांढुर्ण्याले वापस नेतो अन् माझ्या घरीच करतो."

"या गुडघ्यांनी?" मी म्हटलं.

"गुडघे राहो नाहीतं जावो."

बोलणं तिथंच संपलं. ही बाई बोलली की करणार, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. जमिनीवर बसायला डॉक्टरांनी मनाई केली होती आणि त्या एकट्या तिथं चुलीपुढं बसणार! म्हणजे मला जमलं तर महालक्ष्म्या माझ्या, नाही जमलं तर जाऊबाईंच्या गुडघ्यांचा सत्यानाश. मी छाती फुगवून सांगितलं, "सोळा कशाला, अठरा लावते!"

मास्तरीण आहे ना, बोलण्यात कोण हरणार?

तोवर आमच्या परसात एक लिंबाचं झाड, एक तुळस आणि कपड्यांच्या दोऱ्या होत्या. सुट्ट्यांत मी कुदळ घेऊन उतरले. आमचे हे बँकेतून आले की शर्ट बदलून शेणखताची घमेली उचलायचे आणि कमरेवर हात ठेवून कण्हायचे. भेंडी, वांगी, गवार, बरबटी, ढेमसं, मुळा, पालक, मेथी, अंबाडी लावली. मोरीच्या पाण्यावर धोप्याची, म्हणजे अळूची, पानं लावली. मांडवावर कारलं, दोडका, काकडी, पडवळ चढवलं. मुनगा, म्हणजे शेवगा, शेजारच्या काकूंच्या फांदीवरून आमच्या बाजूला आला होता, तो जाऊबाईंनी मोठ्या मनानं आमचा मानला. आणि कोहळ्याचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल! तो तर मांडव, भिंत काही न विचारता सरळ टिनाकडे निघाला. रोज सकाळी मी ब्रश तोंडात धरून वेलाचा शेंडा पाहायला जायची. काय सांगू, पहिली बरबटी लागली तेव्हा मी शाळेत अख्ख्या स्टाफरूमला सांगितलं.

आणि मग आले.

मी शाळेतून परतले तर परसात जणू वरात नाचून गेली होती. भेंडीचे शेंडे खुडलेले. बरबटीच्या शेंगा ओढून अर्ध्या खाऊन फेकलेल्या. वांग्याची फुलं गायब. अरे, खायचं तर पोटभर खा ना बाबा! एक घास घ्यायचा, पसंत नाही पडला की फेकायचा, दुसरं तोडायचं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ओसरीवर खुर्चीत बसलेल्या जाऊबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "आले असतीन. माह्या पायानं मी मागं कशी जाऊ?" खरं होतं तेही.

मग सुरू झालं युद्ध. सल्ल्यांना काय तोटा! रामाकोन्याचे एक नातेवाईक संत्र्याच्या बागेभोवती जुन्या साड्या बांधतात, त्यानं रानडुक्कर आणि रोही बिचकतात. आम्हीही बांधल्या. माझ्या लग्नातली जांभळी नायलॉनची साडीसुद्धा बांधली. पण डुक्कर येतं जमिनीवरून आणि हे येतात आभाळातून! एका वानरिणीनं त्याच साडीला लोंबकळून मस्त झोका घेतला. मग ह्यांच्या जुन्या सफारीचं बुजगावणं केलं. हुप्प्या त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसला आणि दोघं एकाच बँकेतले असल्यासारखे रस्त्याकडे पाहत राहिले. जुन्या सीड्या लटकवल्या. एक तरुण वानर सीडीत आपलं तोंड पाहून दात काढत होतं, मी स्वतः पाहिलं.

मग पांढुर्ण्याच्या बाजारातून कापसाचा वाघ आणला. पिवळाधमक, डोळे काचेचे. टिनावर ठेवला आणि काय आश्चर्य, फौज पिंपळावरच थांबली! "खर्र खर्र" करत वरूनच ओरडायची, पण खाली एकही यायचं नाही. मी आनंदानं शेजारच्या काकूंना लाडू दिले. काही दिवस असे सुखाचे गेले. मग पावसात वाघ भिजला, एका बाजूला कलला, आणि एका पिल्लानं हळूच येऊन त्याचा कान ओढला. वाघ काहीच बोलला नाही. संपलं! त्या दिवशी ते पिल्लू वाघाच्या पाठीवर बसून माझं कारलं चावत होतं, आणि कडू लागलं की थुंकत होतं.

मी हार मानणारी नव्हते. मोबाइलवर वाघाची डरकाळी शोधली, ह्यांचा भजनाचा स्पीकर मागच्या खिडकीत ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला. वानरं पळाली, अशी पळाली की विचारू नका! पण त्यांच्यामागोमाग गल्लीही पळाली. कोणी म्हणे पेंचचा वाघ शिरला, कोणी म्हणे बिबट्या. दुपारपर्यंत बातमी लोधीखेड्याला पोचली आणि तिथून माझ्या भावाचा फोन, "ताई, दार लावून बस, तुमच्याकडे वाघ आला म्हणतात!" ह्यांनी स्पीकर कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दगड मारायचा प्रश्नच नव्हता. जामसावळीच्या मारुतीच्या छायेत राहणारी माणसं आम्ही. आमचे हे तर काठी घेऊन बाहेर यायचे आणि हुप्प्या समोर दिसला की आधी हात जोडायचे. आता सांगा, एकीकडून काठी आणि एकीकडून नमस्कार, वानरानं काय समजावं? शेवटी मी हिरवी जाळी आणली, बांबू रोवून वाफे झाकले. भेंडी, गवार, पालेभाज्या वाचल्या. पण मांडवावरचं आणि भिंतीवरचं कसं झाकणार?

आणि एक गोष्ट मला झोंबत होती. पलीकडे काकूंच्या वाडीत वांगी टम्म! टमाटर लालेलाल! तिथं ही फौज ढुंकूनही पाहत नव्हती. मग माझ्यावरच एवढा लोभ कशाला? मी ह्यांना म्हटलं, "माझ्या वांग्यात साखर आहे का?" हे म्हणाले, "असेल बुवा, पेरताना तू बोलत होतीस ना."

पोळा जवळ आला होता. एका शनिवारी शाळा लवकर सुटली. गल्लीच्या वळणावर आले आणि थबकलेच. आमच्या ओसरीपुढे पंगत बसली होती! अगदी लग्नातल्यासारखी, एका ओळीत. म्हातारी वानरं, लेकुरवाळ्या, पुढं हुप्प्या. आणि खुर्चीत जाऊबाई, मांडीवर परात. परातीत पोळ्यांचे तुकडे, भिजवलेले चणे आणि फल्लीदाणे. एकेकाच्या हातावर ठेवत होत्या आणि बोलत होत्या, "तू घेतलं व बाई. त्या लेकरावालीले येऊ दे. ओ मोठे, सबूर!" आणि हुप्प्या खरंच सबुरीनं बसला होता! पण पंगतीत ज्यांचा नंबर लागला नव्हता, ती तरुण टोळी घरावरून उड्या मारत कुठं गेली? मागं, माझ्या मांडवावर!

कुंपणच शेत खात होतं!

मी दप्तर तिथंच टाकलं आणि ओरडले. काय काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. वानरं पिंपळावर पळाली, परात पडली, चणे ओसरीभर सांडले. "अहो जाऊबाई, मी मागं मरमर मरून राहिले अन् तुम्ही पुढं आहेर वाटून राहिल्या? माझं जमू नये असंच वाटतं ना तुम्हाला? महालक्ष्म्या द्यायच्याच नव्हत्या तर सरळ सांगायचं होतं!"

जाऊबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "असं नको बोलू व. शनिवारी मारुतीले द्यावं म्हणून पहिले एक पोळी दिली. मंग ते रोज येऊ लागले. तू शाळेत, भाऊजी बँकेत. मी कोणासंग बोलू? मले काय मालूम का तेच मागं जाऊन खातात? मीनं समजलं, खायला भेटलं तं वाडीले हात नाही लावणार."

खायला घातलं की पोट भरेल आणि वाडी वाचेल, हा हिशेब साध्या माणसाचा. वानराचा हिशेब वेगळा. जिथं पुढच्या दारी मिळतं, तिथं मागच्या दारीही आपलंच असतं. राग होता, पण त्यांचे डोळे पाहून मी वाकून परात उचलली. आम्ही दोघी ओसरीवर चणे वेचत बसलो. म्हणजे मी वेचत होते, आणि त्या खुर्चीतून "तिकडं एक राहिला" म्हणून दाखवत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर जाऊबाईंची खुर्ची ओसरीवर नाही. मागच्या दारात! वॉकर बाजूला, मांडीवर माझी काठी, पायाशी पाण्याची नळी. "मीनंच लावली सवय, मीच मोडतो," त्या म्हणाल्या. "कोणी एक दाणा द्यायचा नाही. तुह्या नवऱ्यालेही सांग, हात जोडायचे तं घरात येऊन देवापुढं जोड म्हणा."

आणि मग खरी लढाई झाली! खाऊ बंद झाला तशी वानरं चिडली. हुप्प्या टिनावर असा नाचायचा की वाटे पत्रा घेऊन खाली येतो. ओसरीची जाळी हलवली, वाळत घातलेला माझा गाऊन नेऊन पिंपळाला लावला. जाऊबाई खुर्चीतून जागच्या हलल्या नाहीत. काठी फरशीवर आपटायच्या आणि असा आवाज लावायच्या की शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "दगडांनी गोटमार खेळणाऱ्या पांढुर्ण्याची बाई शेवटी!" टिनावर पाऊल पडलं की नळीचं पाणी. अंगावर नाही, समोर. मी शाळेतून फोन करायची, "काय स्कोअर?" त्या म्हणायच्या, "दोन वेळा आले, दोन्ही वेळा गेले. दोडका सलामत आहे." माझ्या वर्गातली पोरंही विचारायला लागली, "मॅडम, आज कोण जिंकलं?"

पण एक होती, लेकरावाली. छातीशी पिल्लू धरून ती एकटी यायची, भिंतीवर बसायची आणि हात पुढं करायची. ओरडणं नाही, ओरबाडणं नाही, नुसता हात. जाऊबाई काठी आपटायच्या आणि मग पदरानं डोळे पुसायच्या. मला म्हणायच्या, "इले मी आपल्या हातानं खाऊ घातलं आहे व. आता काठी दाखवतो. पाप आहे का हे?" मी म्हणायची, "पाप काय त्यात? रानात तिला पाला आहे, फळं आहेत." आणि हळूहळू फौजेला ते आठवलं. पोळा झाला, गणपती बसले, आणि टिन वाजणं थांबलं. वानरं यायची, पिंपळावरून पाहायची, पुढं निघून जायची. मी आणि हे अंगणात अक्षरशः नाचलो!

महालक्ष्म्या आल्या. माझ्या घरात! दोन्ही मुखवट्यांना मी साड्या नेसवल्या. दुसऱ्या दिवशी नैवेद्य. पहाटे उठून न्हाऊन मी टोपली घेऊन परसात गेले. भेंडी, गवार, बरबटी, कारलं, पडवळ, सगळं खुडलं. शेवटी राहिलं कोहळं. वेलाला एकच धरलं होतं, भिंतीवर पालापाचोळ्यात झाकून ठेवलेलं. पाला बाजूला केला, आणि हे काय! एका बाजूनं दातांनी कोरलेलं. ताजं.

मागच्या दारात जाऊबाई उभ्या होत्या, वॉकर धरून. "मी पाहून राहिलो होतो," त्या म्हणाल्या. "आत्ताच, उजाडता उजाडता. तेच होती, लेकरावाली. काठी हातातच होती. सणाच्या दिवशी हात उचलला नाही गेला."

मी मटकन पायरीवर बसले. पंधरा भाज्या, एक उष्टी. "जाऊ द्या, जाऊबाई," मी म्हटलं. "हरले मी. बाजारातून आणते. पुढच्या वर्षी मुखवटे तुम्ही घेऊन जा, मी तिकडे येऊन सगळं करते, पण तुम्ही खाली बसायचं नाही." मला खरंच रडू आलं. इतके महिने मातीत घातले होते, आणि शेवटी शेपटीवर अडकलं.

जाऊबाई वॉकर टेकत टेकत आल्या, कोहळं हातात घेतलं, आणि फिरवून फिरवून पाहिलं. आता ही बाई कशी, ते सांगायला हवं. नैवेद्य होण्याआधी स्वयंपाकघरात कोणी मीठ जरी चाखलं तरी त्या अख्खं पातेलं बाजूला काढायच्या. एकदा आमच्या ह्यांनी लहानपणी पुरणात बोट घातलं होतं, तर त्यांनी पुरण परत शिजवलं होतं. त्या बाईनं माझ्यासमोर विळी मागितली, टेबलावर ठेवायला सांगितली, दातांची बाजू बोटभर जास्तच कापून काढली आणि उरलेल्याच्या फोडी करायला लागल्या.

"अहो, उष्टं आहे ते!"

"कोणाचं उष्टं?" त्या विळीवरून मान वर न करता म्हणाल्या. "माह्या घरी जेवलेलीचं आहे. पाव्हणी पहिले जेवली तं महालक्ष्म्या रागावतीन का? तेल तापव."

सोळाही भाज्या झाल्या. नंतर प्रसादाला बसलो तेव्हा कोहळं असं गोड निघालं की ह्यांनी तीनदा मागून घेतलं. पण त्याआधी नैवेद्य दाखवून, दारं लोटून आम्ही बाहेर ओसरीवर बसलो, महालक्ष्म्यांना निवांत जेवू द्यायला, तेव्हा मी बोटांवर सोळा भाज्या पुन्हा मोजल्या. झालं, माझ्या हातून झालं! पण जाऊबाई काय म्हणतात, ते अजून कळलं नव्हतं, आणि विचारायची माझी हिंमत होत नव्हती.

तिसऱ्या दिवशी बोळवण झाली. मुखवटे पुसून पेटीत ठेवताना न राहवून मी म्हटलंच, "जाऊबाई, पुढच्या वर्षी...?"

"पुढच्या वर्षी कोहळं भिंतीवर चढवू नको," त्या म्हणाल्या. "खालीच पसरव, जाळीत. मले खुर्चीतून दिसलं पाहिजे."

"तुम्हाला? दिवाळीआधी पांढुर्ण्याला परत जाणार ना तुम्ही?"

त्यांनी पेटीचं झाकण लावलं, कडी घातली आणि पेटी माझ्याकडे सरकवली.

"पांढुर्ण्याले जाऊन काय करू व? तिथं तं वानरही येत नाही."

मी हसत सुटले आणि हसता हसताच त्यांच्या गळ्यात पडले. "सांभाळून, गुडघे आहेत माहे," त्या ओरडल्या, पण मला त्यांनी सोडलं नाही.